मॅकेन्झी आडनावाची पुस्तिका आणि नकाशा : प्रकल्प नोंदी

12 जून 2023

आमच्या जालन्यातील वाचनालयाने यंदा सप्टेंबरमध्ये असईच्या लढाईवर छोटे प्रदर्शन भरवण्याचे ठरवले आहे आणि त्यातील एक पुस्तिका व एक नकाशा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदन तालुक्यातील असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेल्या ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या सैन्यात दोन स्कॉटिश पलटणी होत्या. त्यांपैकी 78 वी पलटण स्कॉटलंडच्या उत्तरेकडील रॉसशायर परगण्यात 1793 साली उभी राहिली आणि ती उभी करणारा सरदार फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेन्झी हा मॅकेन्झी कुळाचा प्रमुख होता. पलटणीची कथा लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी केवळ आडनाव घेतले आहे : ते कोठून आले, त्याचा अर्थ काय आणि ते धारण करणारी माणसे आज जगात कोठे-कोठे आढळतात.

अंदाज : तीन आठवडे आणि दोन हजार रुपये. हा अंदाज किती चुकला, ते पुढील नोंदींत दिले आहे, कारण आडनावाचा असा मागोवा घेऊ पाहणाऱ्याला त्याचाच अधिक उपयोग होईल.

15 जून

अर्थ लवकर हाती लागला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील जुन्या गेलिक भाषेतील मूळ रूप ‘मॅक कोन्यिख’ असे काहीसे उच्चारले जाते. ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘कोन्यख’ हे पुरुषाचे नाव असून त्याचा अर्थ देखणा. इंग्रजीत याच नावाच्या जागी केनेथ वापरतात. म्हणजे आडनावाचा शब्दशः अर्थ ‘केनेथचा मुलगा’ एवढाच आहे.

उत्पत्तीची कथा मात्र तपासून घ्यावी लागली. फिट्झगेराल्ड घराण्यातील कोणी कॉलिन नावाचा वीर आयर्लंडहून आला, 1263 च्या लार्ग्जच्या लढाईत राजाच्या बाजूने लढला आणि त्याच्यापासून हे कुळ निघाले, अशी कथा मी पहिल्या खर्ड्यात दोन परिच्छेद भरून लिहिली होती. ती काढून टाकली. सतराव्या शतकात याच कुळातील बड्या मंडळींनी ती हिरिरीने मांडली होती आणि आज अभ्यासक ती खरी मानत नाहीत. एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 1467 सालचे एक गेलिक हस्तलिखित आहे. त्यातील वंशावळ मॅकेन्झींना आयर्लंडच्या सरदाराशी न जोडता गिलोइन नावाच्या स्थानिक पुरुषाशी जोडते. वतन मोठे झाले की वंशावळीला दूरचा आणि तेजस्वी मूळपुरुष चिकटतो, हे आपल्याकडील कुळकटी आणि करिने वाचणाऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. कथा पुस्तिकेत राहील, पण ‘कुळाची स्वतःविषयीची समजूत’ या मथळ्याखाली.

21 जून

आजचा दिवस एका अक्षरात गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

गेलिक नावात ‘झ’ कोठेच नाही. मग इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो आला कोठून? स्कॉट्स या इंग्रजीच्या जवळच्या भाषेतील जुन्या लिखाणात ‘योख’ नावाचे एक अक्षर होते. ते आकाराने तळाशी शेपटी असलेल्या 3 सारखे दिसे आणि अनेक शब्दांत त्याचा उच्चार ‘य’ च्या जवळ जाई. छपाई आली तेव्हा मुद्रकांच्या खिळ्यांच्या खणांत हे अक्षर नव्हते, म्हणून त्यांनी दिसायला जवळचा झेड बसवला. काही पिढ्यांनी वाचणारे त्या झेडचा उच्चार झेडसारखाच करू लागले. मॅकेन्झीच्या बाबतीत हा छापील उच्चार जिंकला. त्याच अक्षरातून गेलेले ‘मेन्झीस’ हे आडनाव मात्र स्कॉटलंडमध्ये अजूनही पुष्कळ लोक ‘मिंगिस’ असे म्हणतात आणि झेड घालून लिहिलेले ‘डॅल्झील’ हे तोंडाने ‘डी-एल’ असे येते.

मी मोडी वाचतो, म्हणून हे मला परके वाटले नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांची वेगवेगळी चिन्हे नाहीत, त्यामुळे कागद बाळबोधीत उतरवताना लिप्यंतर करणारा जे ठरवेल तेच आडनाव पुढे सरकारी दप्तरात रूढ होते. अक्षर बदलले की माणसाचे नाव बदलते, आणि तेथेही हेच झाले आहे.

आपल्या बाजूचा प्रश्न त्यानंतर आला. देवनागरीत काय लिहावे? मराठीत ‘माझा’ मधील झ दंत्य आहे आणि ‘माझी’ मधील तालव्य, म्हणजे ‘मॅकेन्झी’ असे लिहिले की मराठी वाचक शेवटचा झ तालव्यच उच्चारणार आणि तो इंग्रजी झेडपेक्षा वेगळाच येणार. ‘मॅकेन्यी’ हे रूप जुन्या उच्चाराच्या अधिक जवळ जाते, पण ते कोणीही ओळखणार नाही. ‘मॅकेन्झी’ कायम ठेवले आणि ही अडचण पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर सविस्तर नोंदवली.

2 जुलै

पैशांचा पहिला फटका बसला. स्कॉटलंडचे नागरी दप्तर ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. तेथे 30 क्रेडिट साडेसात पौंडांना मिळतात आणि मूळ पानाचे चित्र उघडायला 6 क्रेडिट लागतात. कॅनडात राहणाऱ्या भाच्याने त्याच्या कार्डावरून दोन संच घेतले, त्याचे रुपयांत सुमारे 1,620 झाले.

नमुन्यादाखल एक कुटुंब तीन पिढ्या मागे न्यायचे ठरवले होते आणि त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरील लॉखब्रूम हा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीचा छोटा विभाग, निवडला. शोधायचा होता तो अलेक्झांडर मॅकेन्झी, 1841 च्या खानेसुमारीत वय वर्षे 25. दहा चित्रे उघडली आणि दहाही भलत्याच माणसांची निघाली. चुका दोन होत्या. पहिली अशी की 1841 च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती, त्यामुळे 25 म्हणजे पंचवीस ते एकोणतीस यांपैकी काहीही असू शकते, हे मी आधी वाचले नव्हते. दुसरी चूक अधिक मोठी होती. थोरल्या मुलाला बापाच्या वडिलांचे नाव आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची तेथील चाल आपल्या आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीसारखीच आहे, आणि त्यामुळे एका खोऱ्यात अलेक्झांडर, केनेथ, रॉडरिक, मुरडो, कॉलिन आणि डंकन ही अर्धा डझन नावेच पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात.

उपाय : 1855 पासून सुरुवात करावी. त्या वर्षाच्या 1 जानेवारीला सक्तीची नागरी नोंदणी सुरू झाली आणि केवळ त्या एका वर्षाच्या दाखल्यांत आई-वडिलांची जन्मस्थळे, भावंडांची संख्या असा पुष्कळ जास्तीचा तपशील भरून घेतलेला आहे. पुढच्याच वर्षी तो मजकूर कमी केला गेला. 1855 चा एक दाखला म्हणजे नंतरच्या चार दाखल्यांचे काम होते. आधी हे माहीत असते तर साठ क्रेडिट वाचले असते.

9 जुलै

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील लुईस बेटावर एकाच आडनावाची माणसे इतकी आहेत की रोजच्या बोलण्यात आडनाव निरुपयोगी ठरते. तेथे माणूस ‘इयान, मुरडोचा, डोनाल्डचा’ असा, म्हणजे स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आजोबाचे नाव अशा साखळीने ओळखला जातो. कागदावर तो केवळ जॉन मॅकेन्झी असतो. दप्तरात साखळी नाही आणि गावात आडनाव नाही, या दोहोंमधून वंश जोडावा लागतो.

स्त्रियांबाबत माझ्याकडून एक सरळ चूक झाली. गेलिकमध्ये मुलगी ‘मॅक’ होऊ शकत नाही, ती ‘निक कोन्यिख’ असते. इंग्रजी दप्तराने मात्र बाप-लेक दोघांनाही मॅकेन्झी लिहिले. शिवाय स्कॉटिश कायद्याच्या रीतीप्रमाणे विवाहितेचे माहेरचे आडनाव पुसले जात नाही. थडग्याच्या दगडावर ते असते आणि मृत्युनोंदींच्या सूचीत ती माहेरच्या व सासरच्या अशा दोन्ही नावांखाली सापडते. मी सूचीतील ओळी मोजून जिल्हावार बेरीज केली होती, त्यामुळे मॅकेन्झी माहेर असलेल्या आणि मॅकेन्झीच्याच घरी दिलेल्या स्त्रिया दोनदा मोजल्या गेल्या. एकाच आडनावाच्या खोऱ्यात अशी लग्ने थोडीथोडकी नसतात. पाच दिवसांची बेरीज रद्द करून मृत्युनोंदींऐवजी जन्मनोंदींवर नव्याने सुरू केली.

16 जुलै

बेरीज पुन्हा बिघडली, आता स्पेलिंगमुळे. मॅकेन्झी पाच तऱ्हांनी लिहिलेले आढळते : पूर्ण ‘मॅक’ जोडून, त्यात मधले के मोठे करून, ‘एमसी’ असे आखडून, एम नंतर वर स्वल्पविरामासारखे चिन्ह देऊन, आणि ‘मॅक’ गाळून नुसते केन्झी. शोधयंत्र सांगितले तेवढेच शोधते. मी फक्त पहिले रूप घेतले होते, म्हणून ईस्टर रॉसमधील काही पॅरिश ओसाड पडल्यासारखे दिसत होते. ‘एमसी’ असलेले आयरिश आणि ‘मॅक’ असलेले स्कॉटिश, हा सर्वत्र ऐकू येणारा ठोकताळा पूर्णपणे खोटा आहे. एकाच बापाच्या दोन मुलांच्या नोंदी दोन तऱ्हांनी केलेल्या मला एकाच वहीत दिसल्या आणि फरक होता तो फक्त लिहिणाऱ्या कारकुनाचा. पाचही रूपांसाठी वेगळे शोध घेऊन एका तक्त्यात मांडले. त्यात आठ दिवस गेले, पैसे गेले नाहीत, कारण 1881 च्या खानेसुमारीची उतरवलेली सूची विनामूल्य पाहता येते.

28 जुलै

नकाशा फसला.

मी जुन्या परगण्यांच्या सीमा घेऊन रंग भरले. रॉस आणि क्रोमार्टी हा परगणा अपेक्षेप्रमाणे सर्वांत गडद आला, पण त्याबरोबर समुद्रापलीकडील लुईस बेटही तितकेच गडद झाले, कारण 1975 पर्यंत लुईस याच परगण्यात मोडत असे, आणि त्याच्याच दक्षिणेला जमिनीने जोडलेले हॅरिस मात्र इन्व्हर्नेसशायरमध्ये होते. परगण्याचा रंग दाखवल्याने डिंगवॉलच्या बाजारपेठेतील आणि लुईसच्या किनाऱ्यावरील लोकसंख्या एकच वाटू लागली. वस्तुतः लुईसमधील मॅकेन्झींचा शिरकाव तारखेसह सांगता येतो : किनटेलच्या मॅकेन्झींनी 1610 साली त्या बेटाचे हक्क विकत घेतले, आणि 1844 साली मॅकेन्झी प्रमुखांच्या सीफोर्थ घराण्याने ते जेम्स मॅथेसनला विकले. हा मॅथेसन चीनच्या अफू व्यापारातून गब्बर झालेला होता आणि त्या अफूपैकी माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे, एवढी नोंद आपल्या वाचकांसाठी तळटीपेत घेतली आहे.

त्याहून चमत्कारिक प्रकार क्रोमार्टीशायरचा. 1889 च्या कायद्याने रॉसमध्ये विलीन होईपर्यंत हा परगणा वीसहून अधिक तुकड्यांत रॉसशायरभर विखुरलेला होता. पश्चिमेकडील अल्लापूल एका तुकड्यात आणि पूर्वेकडील क्रोमार्टी गाव दुसऱ्यात. कारण शोधता पुन्हा हेच आडनाव समोर आले. टार्बटचा जॉर्ज मॅकेन्झी, जो पुढे 1703 साली क्रोमार्टीचा अर्ल झाला, त्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ठिकठिकाणच्या जमिनी एकाच परगण्यात गणल्या जाव्यात अशी व्यवस्था करून घेतली. पटवर्धनांच्या सांगली-मिरज-जमखिंडी संस्थानांचे तुकडे जुन्या नकाशात पाहिलेल्या माणसाला हे चित्र लगेच उमगेल. मला मात्र ते रंग भरून झाल्यावर उमगले. फ्लेक्सचा पहिला छाप 340 रुपयांना पडला आणि तो टाकून द्यावा लागला.

उपाय : परगण्याऐवजी पॅरिश हा घटक धरला. काम तिप्पट झाले, पण आता गेअरलॉख, लॉखब्रूम, कॉन्टिन, फॉडर्टी, स्टॉर्नोवे असे ठिपके वेगवेगळे दिसतात.

8 ऑगस्ट

पुस्तिकेचा गाभा आज लिहून झाला. ज्या शब्दावर मी दोन महिने अडलो होतो, त्याने तो सुटला.

‘क्लॅन’ साठी मी ‘कुळ’ लिहीत होतो आणि मूळपुरुषापासून निघालेला वंश असा त्याचा अर्थ गृहीत धरत होतो. पण सतराव्या-अठराव्या शतकांत मॅकेन्झी प्रमुखांच्या जमिनी पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणि पुढे लुईसपर्यंत पसरत गेल्या तेव्हा त्या जमिनींवर आधीपासून राहणारे, रक्ताने काहीही न लागणारे शेतकरीही प्रमुखाच्या आश्रयाला राहून त्याचेच आडनाव लावू लागले. हायलंडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ वायव्य भागात, स्थिर आडनावांची रीतच उशिरा आली, त्यामुळे आडनाव घेण्याची वेळ आली तेव्हा जमीनमालकाचे आडनाव जवळ होते. मराठीत कूळ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरीही. कूळकायद्यातील कूळ ते हेच. एकच शब्द दोन्ही अर्थांनी वाचला तर मॅकेन्झी आडनाव इतके का पसरले, ते नीट कळते : कुळाचे नाव कुळांनी घेतले. म्हणून आडनाव समान असणे हा नात्याचा पुरावा नाही. बहुतेक वेळा तो कोणे एके काळी कोणाच्या जमिनीवर राहत होतो, याचा पुरावा असतो.

याच कारणाने पुस्तिकेतील ‘मॅकेन्झी घराणे’ हा शब्दप्रयोग सर्वत्र बदलून ‘मॅकेन्झी आडनावाची माणसे’ असे केले. अठ्ठावीस ठिकाणी दुरुस्ती झाली.

19 ऑगस्ट

परदेशांतील प्रसार. हा भाग मी सर्वांत सोपा समजत होतो.

कॅनडापुरता तो खरोखरच सोपा निघाला. 1773 साली ‘हेक्टर’ नावाचे जहाज लॉखब्रूमहून निघून नोव्हा स्कोशियातील पिक्टू येथे लागले आणि त्यानंतर त्या बाजूला हायलंडमधील लोकांची रीघ लागली. पुढे मेंढ्यांच्या कुरणांसाठी शेतकऱ्यांना हुसकावण्यात आले, 1840 नंतर बटाट्याचे पीक बुडाले, आणि 1923 च्या एप्रिलमध्ये सुमारे तीनशे तरुण-तरुणींना घेऊन ‘मेटागामा’ हे जहाज स्टॉर्नोवेहून कॅनडाला निघाले. ज्याच्या नावाने मॅकेन्झी नदी ओळखली जाते तो अलेक्झांडर मॅकेन्झी लुईसवरील स्टॉर्नोवेचा, पण त्याच नावाचा, 1873 ते 1878 या काळातील कॅनडाचा पंतप्रधान मात्र पर्थशायरमधील लॉगिरेटचा आणि व्यवसायाने पाथरवट. पहिल्या खर्ड्यात मी दोघांनाही रॉसशायरचे ठरवून टाकले होते.

न्यूझीलंडमध्ये 1855 साली मेंढ्या चोरल्याच्या आरोपावरून जेम्स मॅकेन्झी पकडला गेला आणि ज्या उंच माळरानावर तो सापडला त्या प्रदेशालाच त्याचे नाव पडले. माणसाचे नाव ‘एमसी’ ने लिहिले जाते आणि प्रदेशाचे पूर्ण ‘मॅक’ ने, म्हणून 16 जुलैची नोंद येथेही लागू पडते.

अमेरिकेच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवला नाही. तेथे 1990 नंतर मॅकेन्झी हे मुलींचे पहिले नाव म्हणून फार लोकप्रिय झाले आहे आणि नाव व आडनाव न वेगळवता दिलेल्या सर्व याद्या त्यामुळे निरुपयोगी आहेत. दोन दिवस त्यात गेले.

26 ऑगस्ट

कॅरिबियन बेटे आणि गयाना यांविषयीचा परिच्छेद मी चार वेळा लिहिला. 78 वी पलटण उभी करणारा तोच फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेन्झी, लॉर्ड सीफोर्थ, 1801 पासून 1806 पर्यंत बार्बाडोसचा गव्हर्नर होता आणि आजच्या गयानातील बर्बीस येथे त्याचे मळे होते, जे गुलामांच्या श्रमावर चालत. 1817 नंतरच्या गुलामांच्या वह्यांत बहुतेक माणसांना एकच नाव दिलेले असते. आडनावे बहुधा बाप्तिस्म्याच्या किंवा 1834 च्या मुक्ततेच्या सुमारास दिसू लागतात आणि ती पुष्कळदा मळेवाल्याची, देखरेख करणाऱ्याची किंवा पाद्र्याची असतात. त्यामुळे तेथील मॅकेन्झी आडनावाला स्कॉटिश मूळ आहे, हे विधान शब्दापुरते खरे आहे आणि ते लावणाऱ्या बहुतेक माणसांचे पूर्वज आफ्रिकेतून जबरीने आणलेले होते. ‘स्कॉटिश वंशाचे लोक’ हा मथळा या पानावरून काढला आणि नकाशातही या ठिपक्यांना वेगळा रंग दिला. असईच्या प्रदर्शनात पलटणीच्या संस्थापकाची ही बाजू हवी का, असे वाचनालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. ती हवीच, असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी पान वाचून होकार दिला.

6 सप्टेंबर

भारताचे पान. येथे एकच माणूस घेतला आणि त्याला जास्त जागा दिली. कॉलिन मॅकेन्झी, जन्म स्टॉर्नोवे येथे 1754 च्या सुमारास, 1783 साली मद्रासेत आला. श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याने म्हैसूर राज्याची मोजणी केली आणि 1815 साली तो भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. त्याच्यासाठी कावली वेंकट बोरय्या आणि त्यांचे बंधू लक्ष्मय्या यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून कैफियती, शिलालेख आणि हस्तलिखिते गोळा केली. त्या संग्रहात मराठी कागदही आहेत. 1821 साली तो वारला. आपल्याकडे कैफियत हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाला हे आडनाव या वाटेने आधीच भेटलेले आहे.

असईतील 78 व्या पलटणीत मॅकेन्झी आडनावाचे शिपाई किती होते, हा रकाना मी पुस्तिकेतून काढून टाकला. प्रमुखाने पलटण उभी केली म्हणून सगळे शिपाई त्याच्या आडनावाचे असतील, असे मी जूनमध्ये धरून चाललो होतो, आणि 8 ऑगस्टच्या नोंदीनंतर त्या गृहीताला आधार उरला नाही.

17 सप्टेंबर

छपाई आज हाती आली. 24 पानांच्या 100 प्रती 2,900 रुपयांना पडल्या, फ्लेक्सच्या नकाशाचा दुसरा छाप 340 रुपयांना. क्रेडिटचे एकूण चार संच लागले, 3,240 रुपये. वाया गेलेला पहिला नकाशा धरून 6,820 रुपये आणि चौदा आठवडे झाले. यांतील सुमारे पाच आठवडे आणि दोन हजार रुपये 2, 9, 16 व 28 जुलैच्या नोंदींत सांगितलेल्या चुकांचे आहेत.

छापून आल्यावर नकाशात एक चूक दिसली : फोर्ट्रोज गाव ब्लॅक आइल या रॉसशायरमधील द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर लागले आहे, ते दक्षिणेकडील किनाऱ्यावर हवे. तेथील जुन्या कॅथेड्रलमध्ये सीफोर्थ प्रमुखांची थडगी आहेत, त्यामुळे ते नाव चुकून चालणार नव्हते. तिसरा छाप न काढता योग्य जागी छापील चिठ्ठी चिकटवली आणि जुन्या ठिपक्यावर पांढरी पट्टी लावली. पुस्तिकेच्या नऊ प्रती तपासून झाल्या आहेत, उरलेल्या उद्या सकाळी वाचनालयात तपासून कपाटात ठेवायच्या आहेत.